उतारवयातील हातांसाठी गळ

पावसाळा सरत असताना सत्तरी ओलांडलेले एक रुग्ण माझ्या शीळफाट्याच्या दवाखान्यात आले. रक्तदाबाच्या नोंदवहीसोबत त्यांनी एक पारदर्शक डबाही आणला होता. डब्यात वीस-पंचवीस खण होते आणि प्रत्येक खणात काहीतरी चकाकत होते : गुलाबी रबराच्या शेपट्या, पिवळ्या पिसांचे झुपके, चांदीच्या पानासारखे पत्रे; आणि प्रत्येकाच्या पोटाशी एक गळ. अमेरिकेतील मुलाने तो वाढदिवसाची भेट म्हणून पाठविला होता. "डॉक्टर, यातले आपल्या चिलापीला काय चालेल?" असा आबांचा प्रश्न होता. मागे उभ्या असलेल्या सूनबाईंचा प्रश्न निराळा होता आणि तो त्यांनी डोळ्यांनीच विचारला : यांना पाण्यावर जाऊ द्यायचे का?

आबांना दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला होता. डावा हात बराचसा सुधारला होता, तरी मुठीत पहिल्यासारखा जोर नव्हता. त्यानंतर सहा महिन्यांनी पत्नी गेली. खाडीकाठी वाढलेला हा माणूस दुपारभर बंद दूरचित्रवाणीसमोर बसून राहू लागला. औषधे नियमित होती, रक्तदाब ताब्यात होता, साखर ठीक होती. कागदावर सारे उत्तम होते. त्या दिवशी प्रथमच त्यांनी मला आजाराखेरीज काही विचारले, म्हणून मी बाहेरच्या रुग्णांना थोडे थांबण्याची विनंती केली आणि डबा टेबलावर उघडून घेतला.

वाचकहो, आपल्या घरातही असे कोणी असेल. ज्यांचे बालपण नदी, तळे वा खाडी यांच्या काठी गेले, त्यांच्या मनात गळाची ओढ उतारवयातही असते. पण सोबत सांध्यांची आखड, मोतीबिंदू, मधुमेह, रक्त पातळ ठेवणारी गोळी असे बरेच काही आलेले असते. दुकानदार साधन निवडतो ते मासा पाहून. वयस्कर माणसाने मात्र आधी आपला हात, मग डोळा, मग पाय पाहावा आणि मासा शेवटी, असे माझे मत आहे.

तो डबा 'क्रॅपी' नावाच्या माशासाठी होता. उत्तर अमेरिकेतील तळ्यांत क्रॅपी, ब्ल्यूगिल, पर्च असे लहान मासे असतात. तव्यावर सबंध मावतील एवढ्या आकाराचे, म्हणून त्यांना तिकडे तव्याचे मासे याच अर्थाचे 'पॅनफिश' हे नाव आहे. क्रॅपी लहान मासे आणि किडे खातो, म्हणून पिसांचा वा रबराचा नकली किडा पाण्यात हलविला की तो झडप घालतो. त्याचे ओठ इतके पातळ असतात की हिसका दिला तर फाटतात. त्यामुळे त्याचे सारे साहित्य हलके असते. नकली आमिषाचे वजन पुष्कळदा एक-दोन ग्रॅमच भरते.

आपल्याकडे आकाराने त्याची जागा घेतो तो चिलापी, म्हणजे तिलापिया. हा मूळचा आपला नव्हे. आग्नेय आफ्रिकेतील ही जात १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता बहुतेक तळ्यांत, नाल्यांत, मचूळ पाण्यातही ती ठाण मांडून बसली आहे. चिलापीचा आहार मुख्यतः शेवाळ आणि तळाचा गाळ. जोडीला किडे आणि मिळेल ते. त्याचे तोंड लहान, पण ओठ चिवट. अशा माशापुढे गुलाबी शेपट्या नाचविण्यापेक्षा कणकेची एक गोळी अधिक उपयोगी पडते. विणीच्या दिवसांत नर तळाशी थाळीसारखा खड्डा करून त्याची राखण करतो, तेव्हा समोर आलेल्या कशावरही तो धावून जातो. तो काळ वगळता नकली आमिषाला चिलापीकडून फारशी दाद मिळत नाही. मरळ आणि ढोक हे शिकारी मासे, ते नकली बेडकावर जरूर झेपावतात. पण मरळ ओढ घेतो तेव्हा तरुण मनगटालाही कळते की काहीतरी लागले आहे. दुबळ्या मुठीने त्याच्या नादी लागू नये.

नकली आमिषाबद्दल माझा आक्षेप आणखी एका कारणासाठी आहे. ते सतत फेकावे आणि ओढावे लागते. तासाभरात शंभरदा मनगट फिरते, कोपर झटकते, खांदा उचलला जातो. ज्यांचा खांदा मधुमेहामुळे आखडलेला आहे किंवा ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, त्यांना दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलणे कठीण होते. शिवाय त्यांतील कित्येकांना तीन तोंडांचे गळ असतात. मासा सोडविताना तो उसळला की एक तोंड माशात आणि दुसरे आपल्या बोटात, असा प्रसंग येतो. आबांच्या डब्यातील तसे सर्व गळ मी त्यांच्यासमोरच वेगळे काढले. त्यांना ते फारसे रुचले नाही.

मग हवे काय? रीळ नसलेली साधी काठी, तिच्या लांबीएवढाच दोरा, एक बूच, किंचित वजन आणि एक लहान गळ. आपल्या आजोबांनी वापरले तेच. रिळाची काठी फेकताना एका बोटाने दोरा धरणे, नेमक्या क्षणी सोडणे, मग दुसऱ्या हाताने मूठ फिरविणे एवढी कसरत असते आणि दोन्ही हात सारखे चालावे लागतात. साध्या काठीला एक चांगला हात पुरतो. दोरा काठीएवढा असल्याने काठी उभी केली की मासा झोका घेत आपल्या हाताशी येतो.

काठी बांबूची चालेल. पण हल्ली एकात एक सरकणारी फायबरची काठी मिळते, ती हलकी असते आणि पिशवीत मावते. लांबी ठरविताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आखूड काठी हलकी खरी, पण ती वापरणारा माणूस नकळत पाण्याच्या कडेला सरकत जातो, आणि काठावरची शेवाळलेली फूटभर जागाच सर्वांत घातक असते. साडेतीन मीटरच्या आसपासची काठी घेतली तर खुर्ची काठापासून दोन हात मागे ठेवूनही गळ पाण्यात राहतो. भार हातावर येऊ नये म्हणून पुढे एक बेचकी रोवावी आणि काठी तिच्यावर टेकवावी. मासा लागेपर्यंत हाताने फक्त मागचे टोक सांभाळायचे.

मूठ जाड हवी. बारीक काठी घट्ट धरण्यासाठी बोटे पूर्ण मिटावी लागतात आणि सुजलेल्या सांध्यांना नेमके तेच जमत नाही. जाड दांड्याचा चमचा जसा सोपा पडतो, तसेच हे आहे. क्रिकेटच्या बॅटवर चढवितात ती रबरी ग्रिप दोनदा चढविली तर मूठ हवी तेवढी होते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तरी चालते. आबांनी ट्यूब पसंत केली. नातवाची बॅट उघडी करणे त्यांना पटले नाही.

एक कडक सूचना येथेच देतो. कार्बनची, म्हणजे ग्रॅफाइटची काठी दुकानात सर्वांत हलकी म्हणून दाखविली जाते. ती विजेची उत्तम वाहक असते. आपल्या शीळ, दिवा, कल्याण परिसरात शेतांवरून, नाल्यांवरून विजेच्या उच्चदाब तारा गेलेल्या आहेत. अशा तारांखाली कोणतीही लांब काठी उभी करू नये. ओला बांबूही नाही, ओला दोराही नाही. ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून पक्क्या छपराखाली जावे.

दोऱ्याला आपल्याकडे तंगूस म्हणतात. चिलापीसाठी ०.१८ मिलिमीटर जाडीचा तंगूस पुरतो, परंतु साठीनंतरच्या डोळ्यांना तो दिसत नाही आणि बोटांना लागत नाही. मी ०.२५ मिलिमीटरचा, तोही पिवळ्या किंवा केशरी रंगाचा सुचवितो. एखाद-दुसरा चाणाक्ष मासा बिचकेल, बिचकू द्या. गाठी काठावर बसून मारू नयेत. घरी, उजेडात, दहा-बारा गळ वीतभर तंगुसाला बांधून, दुसऱ्या टोकाला फासा ठेवून, थर्मोकोलच्या तुकड्यात टोचून ठेवावेत. गळाच्या नेढ्यातून दोरा ओवताना सुईत दोरा ओवण्याची तारेची ओवणी उपयोगी पडते. आणि हे काम काळजी घेणाऱ्यांनी ज्येष्ठांच्या हातून काढून घेऊ नये. जे त्यांना जमेल ते त्यांना करू द्यावे, अडेल तेथे बोट लावावे. झटक्यानंतर व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला सांगितला तर आबा कुरकुरत असत. गाठी बांधायला मात्र ते तासभर बसले.

गळांचे आकडे उलटे असतात, हे नवख्यांना माहीत नसते. आकडा मोठा तसा गळ लहान. चिलापीला आठ किंवा दहा क्रमांकाचा, लांब दांडीचा गळ घ्यावा, म्हणजे सोडविताना बोटांत धरता येतो. गळाच्या टोकामागे एक उलटा काटा असतो. तो पकडीने दाबून सपाट करावा. असे केल्याने दहांतला एखादा मासा निसटेल. पण गळ बोटात रुतला तर तो जसा शिरला तसाच बाहेर येईल. क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी उलट्या काट्याचा गळ वापरूच नये.

आमिषाला गव्हाची कणीक घट्ट मळून तीत थोडी शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग घालावा. गोळी हरभऱ्याएवढी, गळाचे टोक झाकेल इतकीच. गांडूळ अधिक खात्रीचे, पण ते लावताना थरथरणाऱ्या बोटाला गळ टोचण्याचा धोका अधिक. माझे एक माळकरी रुग्ण तरुणपणी पट्टीचे गळकरी होते. आता ते गळच लावीत नाहीत. दोऱ्याला नुसती कणीक चिकटवितात, बूच हलले की हसतात आणि पुन्हा कणीक लावतात. त्यांच्या साहित्यनिवडीत मला काहीही दुरुस्ती सुचलेली नाही.

बूच हा या छंदातील डोळ्यांचा भाग. मोतीबिंदू असलेल्यांना चकाकत्या पाण्यावर लाल-केशरी रंग विरघळल्यासारखा दिसतो. तेथे काळ्या टोकाचे बूच ठळक दिसते. झाडाच्या सावलीतील गडद पाण्यावर मात्र केशरीच उत्तम. दोन्ही जवळ ठेवावीत. सूर्य पाठीशी राहील अशी बैठक घ्यावी आणि रुंद काठाची टोपी घालावी. दृष्टी फारच अधू असेल तर काठीच्या टोकाला घुंगरू बांधावे, किंवा तंगूस तर्जनीवरून घेऊन बसावे. चिलापी आमिष चाखतो ते बोटाला आधी कळते.

आता वजनाबद्दल, कारण येथे माझ्यातील डॉक्टर गप्प बसू शकत नाही. बूच उभे राहण्यासाठी दोऱ्याला शिशाचे चिरलेले मणी लावतात आणि ते दाताने दाबून बसविण्याची जुनी खोड आहे. ती आजच सोडावी. शिसे हे विष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शरीरात शिशाचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही. त्याने वयस्करांचा रक्तदाब आणि मूत्रपिंड बिघडतात, तर लहानग्यांच्या मेंदूच्या वाढीवर घाला पडतो. ज्या घरात रांगते नातवंड आहे तेथे असे मणी असूच नयेत. सायकलच्या दुकानातील लहानसा लोखंडी नट दोऱ्यात ओवला की काम भागते.

बसायचे कोठे, हा प्रश्न साहित्याइतकाच महत्त्वाचा. खिडकाळीच्या शिवमंदिराच्या तळ्यावर गळ घेऊन कोणी जाणार नाही, हे सांगणे नको. देवळाच्या तळ्यातील मासे पाहावेत आणि परत यावे. इतर तळ्यांवर पुष्कळदा मासेमारीचा ठेका दिलेला असतो, म्हणून आधी महापालिकेत वा ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. पवईच्या १८९१ साली बांधलेल्या तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळकऱ्यांची संस्था आहे. तेथे सभासदांचे नियम आहेत, आणि पाण्यात मगरीही आहेत. देसाई खाडीसारख्या भरती-ओहोटीच्या जागी आबांसारख्यांनी जाऊ नये. ओहोटीनंतरच्या चिखलात पाय रुतला तर अर्धांगातून उठलेल्या माणसाला तो काढता येत नाही. सपाट काठ, पाठीची आणि हातांची खुर्ची, पायांत बंद बूट, अंगात तरंगजाकीट आणि हाकेच्या अंतरावर घरचे कोणीतरी. यांपैकी एक नसेल तर त्या दिवशी बेत रद्द. जेवण आणि मधुमेहाची गोळी यांच्या वेळा चुकवू नयेत, खिशात साखर असावी. जवळ शौचालय नाही म्हणून पाणीच न पिणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना घेरी येते ती उन्हाने येते तशीच या कोरड्या राहण्यानेही येते. म्हणून जागा निवडताना शौचालयही पाहावे. खुर्चीतून उठताना दोन श्वास थांबून उठावे.

पहिल्या पावसात वळगणीचे मासे शेतात चढतात तेव्हा जुन्या मंडळींचा जीव राहत नाही. ते दिवस मात्र टाळावेत. मासे त्या वेळी अंड्यांनी भरलेले असतात हे एक. आणि उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो हे दुसरे. पायाला भेग असताना साचलेल्या पाण्यातून चालणे झालेच, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. प्रतिबंधक गोळी घ्यावी की नाही ते तेच ठरवतील. पुढील दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

गळ कातडीत रुतला आणि उलटा काटा आत असेल तर ओढू नये. दोरा कापावा, जखम स्वच्छ पाण्याने धुवावी आणि गळ तसाच ठेवून दवाखान्यात यावे. बधिर करून तो दोन मिनिटांत निघतो. डोळ्याजवळ रुतला तर त्याला स्पर्शही करू नये. कागदी पेला वरून झाकण्यासारखा धरून थेट नेत्ररुग्णालय गाठावे. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटे सतत दाबून धरावे, मधे मधे उचलून पाहू नये. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते वहीत लिहिलेले असावे. अशा मळक्या जखमेत पाच वर्षे उलटून गेली असतील तर पुन्हा द्यावी लागते.

शिंगटी, शिंगाळा असे मिशांचे मासे गळाला लागतातच. त्यांच्या परांतील काटा विषारी असतो आणि ठणका जबर असतो. हात किंवा पाय सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास कळ उतरते. पाणी किती गरम आहे हे मात्र सोबतच्या माणसाने आपल्या हाताने पाहावे. मधुमेही माणसाच्या पायाला चटका कळत नाही आणि काट्याच्या जखमेपेक्षा भाजल्याची जखम मोठी होऊन बसते. खाडीच्या पाण्यातील जखमेभोवती काही तासांतच लाली आणि सूज पसरू लागली, विशेषतः यकृताचा आजार किंवा मधुमेह असताना, तर रात्र न काढता रुग्णालयात जावे.

राहिला तव्याचा प्रश्न. येथे माझे रुग्ण माझ्याशी भांडतात. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, हे आपण वृत्तपत्रांत वाचलेच असेल. अशा नद्यांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचे नाले मिळणाऱ्या खाड्यांच्या गाळावर जो मासा वाढतो, त्याच्या अंगात त्या गाळातील जड धातू उतरू शकतात. ते तळल्याने जात नाहीत, चिंचेच्या कोळानेही जात नाहीत. "साठ वर्षे खातोय, डॉक्टर," असे आबा म्हणाले. खरे आहे, पण त्यांतली पहिली वीस-पंचवीस वर्षे पाणी निराळे होते. शेततळ्यातला किंवा खात्रीच्या तळ्यातला मासा खुशाल खावा. बाकीचा ओल्या हाताने धरून पाण्यात सोडावा. पाठीचा पर पुढून मागे दाबून धरला की काटे टोचत नाहीत. एखाद्या चिलापीचे तोंड फुगलेले दिसले तर ती मादी असते. अंडी आणि पिल्ले ती तोंडातच सांभाळते. तिला आधी सोडावे. जिवंत चिलापी मात्र हौसेने दुसऱ्या तळ्यात नेऊन टाकू नये. तेथील देशी माशांना तो जागा उरू देत नाही.

आबांना मी परवानगी दिली ती रविवारपुरती, दोन तासांची आणि सूनबाईंच्या अटींवर. अटी त्यांनीच लिहिल्या, माझ्या चिठ्ठीच्या पाठीमागे : एकटे जायचे नाही, जाकीट काढायचे नाही, फोन गळ्यात. तिसऱ्या रविवारनंतर त्या औषधे न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाबा आता शनिवारी रात्रीच कणीक मळून ठेवतात. डाव्या हाताने." मासे किती मिळाले ते मी विचारले. दोन, आणि दोन्ही सोडले, असे कळले. अमेरिकेहून आलेला डबा दिवाणखान्यातील कपाटात काचेमागे ठेवला आहे. त्यातले एक केशरी बूच तेवढे आबांनी काढून घेतले आहे, सावलीतल्या पाण्यासाठी.